विनोदी नट माइकपुढे येतो तेव्हा: पु. ल. देशपांडे यांची नभोवाणी-दूरचित्रवाणीतली वाटचाल

पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीच्या नोकरीत आले तेव्हा ते नवशिके नव्हते. वयाची ३५ वर्षे उलटली होती आणि लोकांना हसवणारा माणूस म्हणून त्यांचे नाव झाले होते. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्म, जोगेश्वरीत बालपण, पार्ल्यात शाळा, मग पदवी, वकिलीची परीक्षा, ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षकी, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी, रंगभूमीवर लहानमोठ्या भूमिका आणि १९४७ पासून पुढची काही वर्षे चित्रपट असा तो प्रवास होता. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाची पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच होती. एकाच माणसाने इतके सगळे करावे आणि त्यानंतर त्या धंद्याकडे पाठ फिरवावी, हे त्या काळातही नवलाचे वाटले असणार.

त्यांच्या चरित्रात आकाशवाणीची वर्षे बहुधा दोन-तीन ओळींत आटोपतात. आधी चित्रपट, नंतर ‘बटाट्याची चाळ’, आणि मधल्या काळात एक सरकारी नोकरी, अशी मांडणी असते. ही मांडणी अपुरी आहे. मराठी माणसाच्या कानात पु. लं.चा जो आवाज बसलेला आहे, तो घडला माइकपुढे. रंगमंचावरचा नट, आकाशवाणीचा निर्माता, दूरचित्रवाणीवरचा मुलाखतकार आणि पुन्हा रंगमंचावर एकटा उभा राहणारा कलावंत, अशी ही कारकीर्द सलगपणे पाहिली तर त्यांचा विनोद ऐकताना इतका जवळचा का वाटतो, ते कळते.

माइकशी त्यांची ओळख नोकरीच्या फार आधीची होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, कॉलेजच्या वयाचे पु. ल. श्रुतिकांमधून छोट्या भूमिका करू लागले. अनंत काणेकरांच्या ‘पैजार’ या श्रुतिकेत त्यांनी काम केले होते. तेव्हाच्या श्रुतिका थेट प्रसारित व्हायच्या. वाक्य चुकले तर चुकलेलेच घराघरांत जायचे. पुढे कोणत्याही कार्यक्रमात प्रसंगावधान राखून सावरून घेण्याची जी हातोटी त्यांच्यात दिसते, तिचे मूळ या शिस्तीत शोधायला हरकत नाही.

१९५५ ची आकाशवाणी मात्र वेगळ्या उमेदीत होती. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. १ एप्रिल १९५५ पासून तिथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले आणि महाराष्ट्र ठरल्या वेळी रेडिओपाशी बसू लागला. केंद्रीय नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणाने याच दशकात देशभरच्या केंद्रांवर नामवंत लेखक आणि संगीतज्ञ निर्माते म्हणून येऊ लागले. व्यंकटेश माडगूळकर पुण्याला ग्रामीण कार्यक्रम पाहू लागले, पुढे मंगेश पाडगावकरही मुंबई केंद्रावर आले. त्याच्याही आधी कवी बा. सी. मर्ढेकरांनी आपली हयात या खात्यात घालवली होती. फायलींच्या खात्यात कवी आणि कथाकार बसले, आणि काही वर्षे तरी मराठी नभोवाणीचा दर्जा मराठी मासिकांच्या बरोबरीने राहिला. पु. ल. या पिढीतले. पुणे, मुंबई आणि पुढे दिल्ली असा त्यांचा नोकरीतला प्रवास झाला.

विनोदी नटाला माइकपुढे सर्वांत आधी जाणवते ती समोरच्या माणसांची उणीव. नाट्यगृहात विनोदाचे निम्मे काम प्रेक्षक करतात. हशा उठला की नट थांबतो, हशा ओसरायला लागला की पुढचे वाक्य टाकतो. हशा आला नाही तर सूर बदलतो. स्टुडिओत भिंतींना आवाज शोषणारे आच्छादन असते, समोर काच, काचेपलीकडे तंत्रज्ञ, आणि तोही मान खाली घालून आवाजाच्या पातळीकडे बघत असतो. हसायला कोणीच नसते. नाटकी आवाजाची सवय असलेला नट इथे हमखास ओरडतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी कमावलेला आवाज तिथे श्रोत्याच्या कानठळ्या बसवतो. संहितेचे कागद सुटे ठेवावे लागतात, कारण टाचणी लावलेला गठ्ठा उलटताना होणारी सळसळ घरोघर ऐकू जाते. वेळ तर सेकंदावर मोजलेला. १५ मिनिटांच्या भाषणात शेवटची कोटी १६व्या मिनिटाला आली तर ती कोणाच्याच कानावर पडत नाही.

या अडचणींतून नभोवाणीचा विनोद तयार झाला. तो हजार माणसांसाठी नसतो, एका घरातल्या तीन-चार माणसांसाठी असतो. तो सांगणारा जोरात बोलत नाही, वाचत असला तरी वाचल्यासारखा वाटत नाही, आणि हशासाठी जागा सोडताना ती इतकीच सोडतो की हसू आले नाही तरी शांतता अवघडल्यासारखी होऊ नये. अमेरिकेत जॅक बेनी आणि बॉब होप हे व्होडव्हिल या विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचावरून १९३० च्या दशकात रेडिओवर गेले आणि १९५० मध्ये दूरचित्रवाणीवर. त्यांनी यावर उपाय म्हणून स्टुडिओतच प्रेक्षक बसवले. आकाशवाणीच्या बहुतेक कार्यक्रमांना ती सोय नव्हती. मराठी कलावंतांना श्रोता कल्पनेने समोर बसवावा लागला, आणि त्यातून आलेला घरगुती, बोलका सूर हे मराठी नभोवाणीचे खरे वैभव ठरले.

हा सूर एकट्या पु. लं.चा नव्हता, हे इथे आवर्जून सांगायला हवे. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेत बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत यांनी घराघरांत नातेसंबंध जोडले. लोक त्यांना पात्रांच्या नावाने ओळखत. नाटकातल्या नटाला टाळ्या मिळतात. या आवाजांना लोकांनी भावजी आणि वहिनी ही नाती दिली. मराठी रेडिओच्या इतिहासात यापेक्षा मोठी पावती शोधून सापडणार नाही.

या पावतीची किंमत कळायला मुंबईपासून थोडे लांबचे ठिकाण घ्यावे. पालघर चर्चगेटपासून रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर, बोईसर १०० किलोमीटरच्या थोडे पुढे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, पु. ल. आकाशवाणीत होते त्या काळात हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. व्यावसायिक मराठी नाटक पाहायचे तर दादर किंवा गिरगाव गाठावे लागे. रात्रीचा प्रयोग मध्यरात्रीच्या सुमाराला सुटणार, त्यानंतर विरारच्या पुढे जाणारी गाडी मिळवायची आणि सकाळी कामावर हजर व्हायचे, हे नोकरदाराला किंवा वाडी सांभाळणाऱ्याला परवडणारे नव्हते. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत यायला २०१३ साल उजाडले. सातपाटीचा कोळी, केळवे-माहीमचा बागायतदार, पालघरचा मास्तर यांच्यापर्यंत मुंबईचा नट पोचला तो आवाजाच्या रूपाने. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून आणि ओलसर जमिनीवरून लांबवर जातात, त्यामुळे वैतरणेची खाडी आणि किनारपट्टी मुंबई केंद्राच्या आड आली नाही. हवामानाचा इशारा, बातम्या, ‘कामगार सभा’सारखे कार्यक्रम आणि श्रुतिका हे सगळे एकाच खोक्यातून यायचे, आणि त्या खोक्याचा परवाना टपाल कचेरीत जाऊन दर वर्षी नव्याने घ्यावा लागायचा.

इथल्या श्रोत्याला पु. लं.च्या विनोदातली एक गोष्ट पुण्याच्या श्रोत्यापेक्षा लवकर कळली असावी. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात पारशी आणि इराणी कुटुंबांच्या चिकूच्या वाड्या आहेत. पु. लं.च्या कथनातले पेस्तनकाका ज्या गुजराती वळणाचे मराठी बोलतात, ते इथल्या माणसाने बाजारात आणि गाडीच्या डब्यात प्रत्यक्ष ऐकलेले असते. नक्कल करणारा बहुधा त्या बोलीची टर उडवतो. पु. लं.च्या आवाजात ती टर नाही. पेस्तनकाकांचे शब्द वाकडे असतात, माणूस सरळ असतो, आणि हे ऐकणाऱ्याला स्वरावरून कळते. रत्नागिरीचा अंतू बर्वा, बेळगावचे रावसाहेब यांच्याबाबतही तेच. बेळगावची नोकरी, कोकणाशी नाते, पार्ल्याचे शेजार यांतून गोळा झालेल्या बोली त्यांनी माइकला मानवतील अशा रीतीने वापरल्या.

दूरचित्रवाणीकडे ते वळले तेव्हा भारतात ती नुकती जन्माला येत होती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, युनेस्कोच्या मदतीने. आकाशवाणीच्याच इमारतीतला छोटा स्टुडिओ, लहान प्रक्षेपक, आठवड्यातून दोन दिवस तासाभराचा कार्यक्रम आणि दिल्लीच्या आसपास मोजक्या ठिकाणी ठेवलेले सामूहिक संच एवढाच तो पसारा होता. या माध्यमासाठी माणसे तयार करायची म्हणून पु. लं.ना बीबीसीकडे प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. इंग्लंड आणि युरोपातल्या त्या मुक्कामातून ‘अपूर्वाई’ (१९६०) हे प्रवासवर्णन आले. वाचकांनी ते प्रवासवर्णन म्हणून डोक्यावर घेतले, आणि ते लिहिणारा माणूस तिकडे दूरचित्रवाणी शिकायला गेला होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहिले नाही.

भारतीय दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पु. लं.नी. ही नोंद पुष्कळदा अभिमानाने सांगितली जाते, पण तिच्यातले अवघडपण सहसा सांगितले जात नाही. मुलाखत घेणाऱ्याला स्वतःला मागे ठेवावे लागते. विनोदी माणसाला हे सर्वांत जड जाते, कारण समोर संधी दिसली की जीभ वळवळते. शिवाय कॅमेरा हा माइकपेक्षा कठोर असतो. प्रश्न विचारून झाल्यावर मुलाखतकाराच्या चेहऱ्यावर उत्सुकता आहे की पुढच्या प्रश्नाची जुळवाजुळव, हे तो उघड करतो. पंतप्रधानांसमोर बसून ऐकणाऱ्याची भूमिका पार पाडणे ही नटाची कसोटीच होती. त्या काळात कार्यक्रम जपून ठेवण्याची साधने आणि सवय दोन्ही नव्हती, म्हणून आजच्या विद्यार्थ्याला या मुलाखतकाराविषयी त्याच्या पुढच्या कामावरूनच अंदाज बांधावा लागतो.

ते पुढचे काम रंगमंचावर आहे. दिल्लीची दूरचित्रवाणी त्या काळी मोजक्याच माणसांपर्यंत पोचत होती आणि मराठीत ती नव्हतीच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी मागे पडली आणि १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग सुरू झाला. पाठोपाठ १९६२ मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ आली, आणि ‘असा मी असामी’ही पुस्तकातून रंगमंचावर आले. समीक्षकांनी या प्रयोगांचे नाते कीर्तनाशी, बहुरूप्याशी जोडले आहे, आणि ते खोटे नाही. पण ‘चाळ’मध्ये एक माणूस, वेषांतर न करता, केवळ आवाज आणि थोड्या हालचालींवर सगळे बिऱ्हाड उभे करतो, तेव्हा तो नभोवाणीचाच धडा गिरवत असतो. श्रोत्याने चित्र आपल्या मनात पाहायचे असते. १९५५ पूर्वीच्या पु. लं.ना सोंगे येत होती, गाणे येत होते, पेटी येत होती. रिकाम्या रंगमंचावर एवढा विश्वास टाकायला ते शिकले ते आकाशवाणीच्या स्टुडिओत.

‘म्हैस’ ही कथा याचा उत्तम नमुना आहे. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एसटी, वाटेत गाडीखाली आलेली म्हैस, आणि त्यानंतर रस्त्यावर जमलेली गर्दी, एवढाच प्रसंग. ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकले तर प्रत्येक पात्राची गती वेगळी ठेवलेली कळते. ड्रायव्हर तुटक बोलतो, म्हशीचा मालक शब्द ओढत रडतो, पुढारी श्वास न घेता वाक्ये जोडत जातो, पोलिसाच्या आवाजात अधिकार आधी येतो आणि अर्थ मागून. ‘तो म्हणाला’, ‘हा म्हणाला’ असे सांगण्याची वेळ फारशी येत नाही. कोण बोलतो आहे हे पहिल्या दोन शब्दांत समजते. गर्दी सुचवायची असते तेव्हा ते आवाज चढवत नाहीत, दोन वाक्यांमधले अंतर कमी करतात. या क्लृप्त्या लेखकाच्या नव्हेत, निर्मात्याच्या आहेत. अशा कथांच्या ध्वनिफिती पुढे घरोघर वाजल्या, आणि ज्या पिढीने पु. लं.ना प्रत्यक्ष पाहिले नाही तिनेही त्यांना तोंडपाठ केले.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे दिल्लीनंतर १३ वर्षांनी. तोवर पु. ल. पन्नाशी ओलांडलेले, १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेले, सर्वमान्य लेखक होते. मराठी दूरचित्रवाणीने त्यांच्या प्रयोगांचे चित्रीकरण केले, त्यांना पाहुणे म्हणून बोलावले, पण तिचा रोजचा चेहरा घडवला तो इतरांनी. ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून विनोदी नट पडद्यावर रुळले. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी घराघरांत नेला. आकाशवाणीवर निवेदन आणि दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या भक्ती बर्वे यांनीच १९७५ मध्ये पु. लं.च्या ‘ती फुलराणी’त मंजुळा साकारली. उच्चारांवर उभे असलेले ते नाटक, आणि त्याची नायिका पेशाने निवेदिका, हा योग मराठी रंगभूमीला फळला.

बोईसर-तारापूरमध्ये हे कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक नवा होता. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागले. त्यामागोमाग औद्योगिक वसाहत वाढली, आणि निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे बोईसरच्या वसाहतींत शेजारी म्हणून राहू लागली. मुंबईचे प्रक्षेपण इतक्या लांब येईपर्यंत क्षीण व्हायचे. पडद्यावर मुंग्या दिसायच्या, म्हणून एक जण छपरावर चढून अँटेनाची नळी फिरवायचा आणि खिडकीतून दुसरा ‘आलं, आलं, थांब’ म्हणून ओरडायचा. चित्र गेले तरी आवाज बहुधा टिकायचा. अशा वेळी नुसत्या आवाजावर हसवू शकणारा कलावंत टिकून राहायचा, चेहऱ्यावर अवलंबून असलेला वाया जायचा. मराठी घरातल्या विनोदाची ओळख कित्येक अमराठी शेजाऱ्यांना याच संचांपुढे झाली.

दरम्यान पु. ल. माध्यमांपासून दूर गेले नव्हते. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात त्यांनी जुन्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रणाचे आणि दस्तऐवजीकरणाचे काम पुढाकाराने केले. पत्नी सुनीताबाईंबरोबर बा. भ. बोरकर, मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. मर्ढेकर हे स्वतः आकाशवाणीचेच अधिकारी होते, हा धागा त्या वाचनाला आणखी अर्थ देतो. १९९६ मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना मिळाला. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या काळात विनोदवीर सूत्रसंचालक होणे ही मराठी वाहिन्यांवर रूढ वाट झाली. निलेश साबळे हे पेशाने डॉक्टर, स्पर्धेतून पुढे आलेले विनोदी कलावंत. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे त्यांनी ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम चालवला. मंचासमोर हसणारा प्रेक्षक, अनेक कॅमेरे, संकलनात जोडता-तोडता येणारा वेळ ही साधने आज हाताशी आहेत. त्या मानाने १९५५ च्या निर्मात्याजवळ काहीच नव्हते. असे असूनही आजच्या अनेक कार्यक्रमांत वेषांतर आणि आरडाओरड यांवर जो भार पडतो तो पाहता, नसलेली साधने हीच त्या पिढीची ताकद होती असे म्हणावे लागते.

पु. लं.ना मराठी दूरचित्रवाणीवर स्वतःचा नियमित कार्यक्रम तरुण वयात मिळाला नाही, ही या कारकिर्दीतली खरी हानी आहे. दिल्लीत ते वेळेच्या फार आधी पोचले आणि मुंबईत दूरदर्शन फार उशिरा आले. ही हानी काही प्रमाणात भरून काढते ते उरलेले ध्वनिमुद्रण. म्हणून या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने पुस्तक उघडण्याआधी आवाज ऐकावा. ‘म्हैस’, ‘रावसाहेब’, ‘पेस्तनकाका’ ही तीन मुद्रणे आधी, छापील पाने नंतर. आणि ज्यांच्या घरी आकाशवाणीच्या जुन्या कार्यक्रमांच्या फिती पडून असतील, त्यांनी त्या भंगारात न टाकता एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहाकडे सोपवाव्यात. फितीवरचा लेप वर्षागणिक झिजत जातो, आणि त्यावरचा आवाज एकदा गेला की कोणत्याही पुस्तकातून परत मिळत नाही.